चित्रं आणि प्रिंट कुरियरने पाठवताना पॅकिंग कसं करता? (माझ्या आभाळाला कांजिण्या आल्या त्यानंतरचा धागा)

रेघोट्या:
मंडळी, मदत हवीये. गेल्या महिन्यात ॲक्रिलिक रंगातलं एक चित्र पाठवलं, १८ बाय २४ इंच, कॅनव्हास फ्रेमवर ताणलेला. मी आपलं नवंकोरं बबलरॅप आणलं, चित्राला तीन वेढे दिले, खोक्यात घातलं, वर लाल पेनाने मोठ्ठं "नाजूक" लिहिलं आणि दिलं पाठवून. चार-पाच दिवस पार्सल कुठल्यातरी तापलेल्या गाडीत पडून होतं बहुतेक. समोरच्या बाईंनी उघडल्यावर फोटो पाठवला, तर अख्ख्या आभाळावर गोल गोल ठिपके. बबलरॅपचा एकेक फुगा छापला गेलाय. आभाळाला कांजिण्या आल्यासारखं दिसतंय हो ते!! त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत पण मीच चित्र परत मागवलं.

आता पुढच्या काही दिवसांत तीन वेगवेगळी पार्सलं पाठवायची आहेत आणि हात थरथरतायत. एक, ऑइलचं चित्र, २४ बाय ३० इंच, ताणलेलंच, दोन महिन्यांपूर्वी झालंय, काही ठिकाणी नाइफने (रंग थापायची बोथट सुरी) जाड रंग लावलाय. दुसरं, ए२ साइझचे दहा प्रिंट, जाड मॅट कागद ३०० जीएसएम (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सगळे एकाच माणसाला. तिसरं, जलरंगातलं चित्र, काचेची फ्रेम करून. जरा नीट सांगा कोणीतरी, व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कापूसकोंड्या:
वाचतोय. मला कोणी चित्र विकत मागत नाही पण धागा छान आहे.

चौकटराव:
फ्रेमिंगचं काम करतो, बरीच वर्षं झाली, रोज दोन-चार पार्सलं बांधतोच. आधी तुझ्या कांजिण्यांचं सांगतो. ॲक्रिलिक सुकलं म्हणजे दगड झालं असं वाटतं, तसं नसतं. ते प्लॅस्टिकच आहे शेवटी, उष्णता लागली की मऊ पडतं आणि त्यावर जे काही दाबून बसलेलं असेल त्याचा छाप घेतं. उलट थंडीत तेच कडक होऊन तडकतं. म्हणून बबलरॅप चित्राच्या रंगावर थेट कधीच, कध्धीच नाही. नवं असो जुनं असो, फुगे आत असोत बाहेर असोत.

रंगावर पहिला थर कागदाचा. ग्लासीन मिळतं, तो गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद, त्याने काम होतं. पण ताजं ॲक्रिलिक असेल किंवा वर चकचकीत वॉर्निश असेल तर ग्लासीनसुद्धा चिकटतं, माझ्या हातून झालंय ते. तिथे सिलिकॉन रिलीज पेपर घ्यायचा, स्टिकरच्या मागे असतो ना निसरडा कागद, तसलाच मोठा येतो, त्याला सहसा काही चिकटत नाही.

आणि त्याहून भारी म्हणजे रंगाला काही लागूच द्यायचं नाही. कॅनव्हासच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या लावायच्या, चित्राच्या पातळीपेक्षा दोन सेंटिमीटर वर येतील अशा, आणि त्यावर पुठ्ठ्याचं झाकण टेकवायचं. झाकण आणि चित्र यांच्यामध्ये हवा. तुझ्या ऑइलला हेच कर.

रेघोट्या:
चौकटराव, पट्ट्या कशावर चिकटवायच्या? कॅनव्हासच्या कडेला रंग आहे माझ्या, कडा पण रंगवलेल्या आहेत 😐

चौकटराव:
मग कडेला टेप नको. कॅनव्हासच्या मागे लाकडी स्ट्रेचर आहे ना, ज्यावर तो ताणलाय ती चौकट, त्या लाकडाला मागून पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा स्क्रूने बसव, चारी बाजूंनी चित्रापेक्षा चार-पाच सेंटिमीटर मोठा. म्हणजे चित्र त्या पुठ्ठ्यावर मध्यभागी बसलं, सगळा भार मागच्या लाकडावर. मग बाहेर राहिलेल्या कडांवर पट्ट्यांची चौकट उभी करायची आणि वर झाकण. चित्राला कुठेच हात लागत नाही. पुठ्ठा दुपदरी घे, नैतर सनबोर्ड घे, तो हलका फोमचा बोर्ड. स्क्रू लांबीला बघून घे बाई, लाकडाच्या पलीकडे निघाला तर कॅनव्हासला भोक.

निळीशाई:
ऑइलबद्दल एक विचारायचं होतं, दोन महिने म्हणजे ते अजून ओलंच आहे ना? नाइफने लावलेला रंग तर नक्कीच.

चौकटराव:
बरोबर पकडलंस. ऑइल पाण्यासारखं उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, म्हणून वरून साय धरते आणि आत लोणी राहतं. पातळ थर असेल तर हाताला काही दिवसांत कोरडा लागतो. जाड थराला सहा महिने, वर्षसुद्धा लागतं. म्हणूनच शेवटचं वॉर्निश सहा ते बारा महिन्यांनी लाव म्हणतात. रेघोट्या, जाड जागी नख हलकेच दाबून बघ, खड्डा पडला तर गिऱ्हाइकाला सांग थांबायला.

रेघोट्या:
दाबलं. खड्डा पडला 😭 एका जागी, खालच्या कोपऱ्यात, झाडाच्या बुंध्यावर.

कापूसकोंड्या:
बुंध्याला खळी पडली असं म्हणायचं. किंमत वाढव.

खोकेबहाद्दर:
मी आधी पार्सलच्या गोदामात काम केलंय, आता नाही. चित्रातलं शून्य कळतं पण खोक्याचं आयुष्य जवळून बघितलंय तर तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे "नाजूक" लिहिलेलं कोणी वाचत नाही. वाईट माणसं असतात म्हणून नाही, वाचायला वेळच नसतो. खोका सरकत्या पट्ट्यावरून जातो, वळणावर दुसऱ्या खोक्यावर आदळतो, घसरगुंडीवरून खाली येतो, गाडीत त्याच्यावर वीस किलोचं काहीतरी बसतं, आणि यातल्या अर्ध्या ठिकाणी माणूस नसतोच, मशीन असतं. मशीनला लाल पेन दिसत नाही. स्टिकर लावा, बाण काढा, त्याने नुकसान काहीच नाही, पण पॅकिंग असं करा की स्टिकर पडला तरी फरक पडू नये.

पॅकिंगच्या ज्या ठरलेल्या चाचण्या असतात त्यात दहा किलोच्या आतला खोका साधारण ७६ सेंटिमीटरवरून पाडतात, कोपऱ्यावर, कडेवर, सपाट, असा बरेचदा. ७६ म्हणजे टेबलाची उंची हो. तर तुम्ही चित्र घालायच्या आधी त्याच वजनाचं दुसरं कायतरी घालून, जुनी फ्रेम वगैरे, टेबलावरून पाडून बघा. जीव खालीवर झाला तर पॅकिंग कमी आहे असं समजायचं.

आणि हलवून बघा. कानाशी खोका धरून हलवला आणि आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडा. चित्राची वाट लागते ती बहुतेक वेळा आत सरकून, बाहेरचा मार नंतर.

टिंबटिंब:
एक भाबडा प्रश्न. ते थर्माकोलचे शेंगदाण्यासारखे दाणे भरले तर चालतील ना? सगळीकडे जातात, गच्च बसतं.

खोकेबहाद्दर:
कॉफीच्या मगाला चालतील. चित्राला, फ्रेमला नको. चपटी जड वस्तू दाण्यांमधून हळूहळू खाली जाते, प्रवासभर खोका थरथरत असतो ना, दोन दिवसांनी चित्र तळाला आणि दाणे सगळे वर. शिवाय त्या दाण्यांना स्थिर वीज असते, सगळीकडे चिकटतात.

गेरू_आणि_कोळसा:
स्थिर वीज शब्द निघाला म्हणून राहवलं नाही. मी पेस्टल आणि चारकोल करते. कोणी पेस्टलचं चित्र फ्रेम करून पाठवणार असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, घालायचा मोह आवरा, ते हलकं असतं, फुटत नाही, सगळं खरं, पण पुसलं की त्यावर वीज तयार होते आणि ती चित्रावरची भुकटी ओढून घेते. माझ्या एका चेहऱ्याची अर्धी मिशी शीटला जाऊन बसली होती. वीज न धरणारी शीट पण मिळते, पण मिळवायला हिंडावं लागतं. जलरंगाला ही भीती नाही. रेघोट्या, तुझ्या तिसऱ्या चित्राची काच काढून ॲक्रिलिक शीट घालून घे फ्रेमवाल्याकडून. निम्मी चिंता तिथेच संपते.

रेघोट्या:
घेणाऱ्यांना काचच हवीये गं, आधीच बोलणं झालंय 🙈

चौकटराव:
मग काचेवर मास्किंग टेप. आडव्या, उभ्या, तिरक्या पट्ट्या, जवळ जवळ, पण फ्रेमच्या लाकडावर टेप जाऊ द्यायची नाही, सोनेरी पॉलिश असेल तर टेपबरोबर उचलून येतं. टेपने काच फुटायची थांबत नाही हे लक्षात ठेव. फुटली तर तुकडे टेपला धरून राहतात, चित्रावर पडून ओरखडे काढत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. आणि ही टेप साध्या काचेवरच. ॲक्रिलिक शीटवर किंवा चकाकी न येणारी काच असते तिच्यावर नको, वरचा लेप जातो. तिथे चिकट बाजू नसलेली फिल्म गुंडाळायची.

टेप लावल्यावर काचेवर फ्रेमच्या मापाचा पुठ्ठा ठेव. मग कोपरे. रेडीमेड पुठ्ठ्याचे कोपरे येतात, नसतील तर जुन्या खोक्याचे कोपरे कापून घे, तेच बसतात, मी कित्येक वेळा तेच करतो. मग बबलरॅप, आणि आता फुगे बाहेरच्या बाजूला.

फ्रेमच्या मागची तार आणि हुक काढून टाक. पिशवीत घालून खोक्याच्या आत चिकटव. एकाच खोक्यात दोन फ्रेमा असतील तर एकीचा हुक दुसरीच्या काचेत, हे मी दर महिन्याला बघतो.

अर्धवट_चित्रकार:
फुगे बाहेर?? मी तर कायम आत ठेवत आलो. म्हणतात फुगे वस्तूकडे असले की जास्त धरून ठेवतात.

चौकटराव:
कपबशीला ठेव. चपट्या, पॉलिश केलेल्या गोष्टीला नको, ठसे येतात. मधे पुठ्ठा असेल तर मग कसाही गुंडाळ, मी भांडणार नाही.

कापूसकोंड्या:
अवांतर: हे बबलरॅप १९५७ साली दोन इंजिनिअरांनी भिंतीला लावायचा कागद म्हणून बनवलं होतं. प्लॅस्टिकचे दोन पडदे जोडले, मधे हवा अडकली, आणि तो वॉलपेपर कोणी घेतला नाही. पॅकिंगसाठी वापर नंतर सुरू झाला. म्हणजे रेघोट्याच्या आभाळावर जे झालं ते मूळ कल्पनेच्या जवळचं आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

रेघोट्या:
😂😂 दिवे घेतले. आणि तेच चित्र आता माझ्या भिंतीवर आहे, म्हणजे वॉलपेपर झालाच.

प्रिंटबद्दल कोणी बोलेना? ट्यूब का सपाट?

निळीशाई:
हां, हा माझा प्रांत. प्रिंट काढून विकते, इंकजेटचे, म्हणून लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

प्रिंट मशीनमधून बाहेर आला की लगेच पिशवीत घालू नकोस. शाईतलं जे पातळ द्रव्य असतं ते उडून जायला वेळ लागतो, निदान २४ तास उघड्यावर, वर साधा कोरा कागद ठेवून. लगेच बंद केलंस तर आत वाफ धरल्यासारखं होतं, चकचकीत कागद असेल तर पिशवी चिकटते. हाताळताना सुती हातमोजे, निदान कडेलाच धर. मॅट कागदावरचा बोटाचा ठसा पुसला जात नाही, पुसायला गेलं की चमकतो.

ट्यूब का सपाट याचं उत्तर कागदावर आहे. ३०० जीएसएम जाड कागद, आणि तो कॉटनचा असेल तर ट्यूबमध्ये घालू नकोस असं मी म्हणेन. जाड कागद गुंडाळला की त्याला लाटा येतात, कधी अर्धचंद्रासारखी घडी पडते, पोस्टरवाल्यांना माहीत असेल ती, आणि ती घडी कधीच जात नाही. पातळ पोस्टर कागद असेल तर ट्यूब बेस्ट.

मापं बघ. ए२ म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, बरोबर पाव चौरस मीटर, म्हणजे ३०० जीएसएमचा एक प्रिंट ७५ ग्रॅम, दहाचे पाऊण किलो. सपाट पाठवायचं तर सगळे मिळून जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडी. प्रत्येक प्रिंटच्या मधे ग्लासीन, सगळा गठ्ठा एका कडक बोर्डावर, आणि बोर्डाला प्रिंट चिकटवायचे नाहीत, कागदाचे त्रिकोणी कोपरे करून त्यात खोचायचे, जुन्या फोटोंच्या अल्बमात असायचे तसे. मग सगळं पारदर्शक पिशवीत, पाण्यापासून.

आता या पिशवीच्या वर-खाली पुठ्ठा. इथे एक युक्ती आहे जी मला फार उशिरा कळली. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी रेघा असतात ना, त्या रेघांच्या दिशेने पुठ्ठा सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. म्हणून दोन पुठ्ठे घ्यायचे, एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही मिळून पाटीसारखं कडक होतं, गुडघ्यावर वाकवून बघ, वाकत नाही. वर दोन, खाली दोन. आणि पुठ्ठे प्रिंटपेक्षा सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर मोठे, म्हणजे पार्सल कोपऱ्यावर पडलं तरी दुमडेल तो पुठ्ठ्याचा कोपरा, कागदाचा नाही. प्रिंटची पिशवी मधोमध राहावी म्हणून खालच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाक, पिशवी हां, प्रिंट नाही.

टिंबटिंब:
सपाट पाठवलं तर वजन जास्त लावतील ना? ट्यूब स्वस्त पडते असं ऐकलंय.

खोकेबहाद्दर:
आकाराचं वजन लावतात, खरं वजन आणि आकाराचं वजन यात जे जास्त असेल ते. हवाई कुरियरला बहुतेक करून लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५००० एवढे किलो. भाजक कंपनीप्रमाणे बदलतो, विचारून घ्या.

निळीशाईंचं सपाट पार्सल धरा ५२ × ७० × ३, झाले १०९२०, भागिले ५०००, म्हणजे २.२ किलोच्या आसपास. पुठ्ठे धरून खरं वजन पण त्याच्या जवळपास जाईल. दहा सेंटिमीटरची ५० लांब ट्यूब म्हणजे १ किलो, पण त्यात प्रिंटच पाऊण किलोचे, ट्यूबचं धरून वर जाणारच. म्हणजे फरक आहे पण जीव जाईल एवढा नाही.

गंमत बघायची तर ऑइलची बघा. २४ बाय ३० इंच म्हणजे ६१ × ७६ सेंमी. बाहेरचा खोका ९० × ७५ × १५ धरला तर २०.२५ किलो! खरं वजन चार-पाच किलो असेल. जाडी १५ ची १२ केली तर १६.२. म्हणून चित्रांच्या बाबतीत प्रत्येक सेंटिमीटर मोजावा लागतो, विशेषतः जाडीचा.

अर्धवट_चित्रकार:
मग मी तर म्हणतो ऑइल फ्रेमवरून उतरवून गुंडाळूनच पाठव. ट्यूब एकदम स्वस्त. मी तीन-चार पाठवलीत, काही झालं नाही.

चौकटराव:
दोन महिन्यांचं, नाइफने लावलेलं ऑइल गुंडाळायचं? वाटोळं होईल रे. जाड रंग वाकत नाही, तडकतो. आणि ओला असेल तर मागच्या कॅनव्हासला चिकटून येतो.

पातळ रंगाचं, पूर्ण सुकलेलं चित्र गुंडाळता येतं, ते पण नीट. रंगाची बाजू बाहेर. लोकांना वाटतं आत ठेवली की रंग सुरक्षित, उलटं आहे. रंग आत असेल तर तो दाबला जातो, चुरगळतो, त्याचे पापुद्रे उठतात. बाहेर असेल तर थोडा ताणला जातो, सरळ केल्यावर जागेवर येतो. आणि बारीक गुंडाळी नको, निदान १५ सेंटिमीटर व्यासाची नळी घ्यायची, जेवढी जाड तेवढी चांगली, तिच्यावर चित्र गुंडाळायचं आणि ती नळी त्याहून मोठ्या नळीत. थंडीत ॲक्रिलिक गुंडाळू किंवा उलगडू नका. तुझी तीन-चार चित्रं गेली ती नशिबाने गेली.

अर्धवट_चित्रकार:
बरं बाबा, नशीब तर नशीब. पण ज्यांचं चित्र सहा फूट आहे त्यांनी काय करायचं, खोका कुठे मिळणार?

चौकटराव:
सहा फुटाला गुंडाळणं नाहीतर लाकडी पेटी, तिसरं काही नाही, मान्य.

निळीशाई:
ट्यूबवरून आठवलं, पातळ पोस्टर पाठवणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. प्रिंटचे मी चित्र आतल्या बाजूला ठेवते, कागदाला जाड रंगाचा प्रश्न नसतो आणि नळीच्या भिंतीवर घासत नाही. प्रिंट तसाच नळीत सोडू नका. तो आत जाऊन उलगडतो, भिंतीला घट्ट बसतो आणि समोरचा माणूस बोटं घालून ओढायला जातो, तिथे कोपरा फाटतो. आधी प्रिंटपेक्षा मोठ्या पातळ कागदात गुंडाळायचा, नळीपेक्षा थोडी बारीक गुंडाळी, वर कागदाची पट्टी सैल, रबरबँड मुळीच नाही. वरचा कागद दोन्ही टोकांना जास्तीचा ठेवायचा, तो आत दुमडला की गादी होते, आणि ओढायला पण तोच.

खोकेबहाद्दर:
आणि गोल नळीपेक्षा तीनधारी किंवा चौकोनी खोका घ्या लांबडा. गोल नळी उतरत्या पट्ट्यावर गडगडत भलतीकडेच जाते, शिफ्ट संपल्यावर मशीनखाली सापडलेल्या बघितल्यात मी. दुसरं, झाकणाला स्टेपलच्या पिना मारू नका, आत निघालेल्या पिना प्रिंट बाहेर काढताना उभ्या रेघा ओढतात. टेप पुरते.

रेघोट्या:
वेड लागायची वेळ आली पण भारी माहिती मिळतेय, धन्स सगळ्यांना. जलरंगाची फ्रेम बाहेरच्या देशात जातेय हे सांगायचं राहिलं. तिकडे काही वेगळं लागतं का?

चौकटराव:
हे आधी सांगायचं ना!

लाकडी पेटी करणार असशील तर कच्च्या लाकडाला उष्णतेची प्रक्रिया लागते, किडे जाऊ नयेत म्हणून. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, आणि त्याचा शिक्का पेटीवर. त्याशिवाय पेटी बंदरावर अडकते. प्लायवूडला ही अट नाही, कारण ते बनवतानाच उष्णता आणि दाब दिलेला असतो. पण तुला पेटीची गरज नाही, खोक्यात खोका कर. फ्रेम बबलरॅपसकट आतल्या दुपदरी खोक्यात घट्ट, आणि तो खोका बाहेरच्या खोक्यात, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम. फोमच्या सलग पट्ट्या कडांना लाव, फक्त कोपऱ्यांत तुकडे कोंबू नको. खोके दोन्ही नवे घे, एकदा प्रवास केलेल्या खोक्याचा पुठ्ठा आतून मेलेला असतो, दिसत नाही. ओल लागली तर आणखीनच.

गेरू_आणि_कोळसा:
कागदपत्रात काय लिहायचं तेही बघ. हाताने काढलेलं चित्र आणि छापील चित्र यांचे कस्टम्सचे मथळे, म्हणजे मालाच्या प्रकाराचे क्रमांक, वेगळे आहेत. हाताने रंगवलेलं ९७०१ मध्ये, मूळ एन्ग्रेव्हिंग, लिथोग्राफ वगैरे (कोरलेल्या पत्र्यावरून किंवा दगडावरून छापलेली चित्रं) ९७०२ मध्ये, आणि साधे छापील चित्रांचे प्रिंट ४९११ मध्ये येतात. माझं चारकोल एकदा कुणीतरी छापील म्हणून भरलं आणि ते दोन आठवडे पडून होतं, कुणी फोन उचलेना. फक्त "आर्ट" असं लिहू नकोस, "कागदावर जलरंग, हाताने केलेलं, लाकडी फ्रेम, काच" असं सविस्तर लिही.

विम्याच्या अटी पण वाच. बऱ्याच ठिकाणी मूळ कलाकृतीला भरपाई नाही किंवा ठरावीक रकमेपर्यंतच असं बारीक अक्षरात असतं. आणि फोटो काढ, चित्राचा पुढून मागून, मग पॅकिंगच्या प्रत्येक थराचा. समोरच्यालाही सांग की काही तुटलं असेल तर खोका फेकू नका, दाव्याला खोकाच बघायला मागतात.

निळीशाई:
अजून एक, थंड ठिकाणी जात असेल तर त्यांना सांग पार्सल आल्या आल्या उघडू नका. बंद खोका घरात २४ तास ठेवायचा. थंडगार काच एकदम गरम खोलीत उघडली की दव धरतं, आणि जलरंगाला दव म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको.

खोकेबहाद्दर:
उघडण्यावरून. सगळा प्रवास नीट झालेलं सामान घरी पोचल्यावर कापलं जातं. लोक लांब पात्याचा कटर खुपसतात आणि सर्रकन ओढतात. म्हणून टेपच्या रेषेखाली आतून एक पुठ्ठ्याची पट्टी ठेवा, पातं तिथेच अडेल. आणि बाहेर "या बाजूने उघडा, पातं खोल नको" लिहा. हे मात्र वाचतात, पार्सल स्वतःचं असलं की माणूस सगळं वाचतो.

टेप इंग्रजी एच अक्षरासारखी, मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक. सेलोटेप नको, रुंद पॅकिंग टेप.

रेघोट्या:
उद्या सामान आणते. ऑइलवाल्यांशी बोलले, ते अजून चार महिने थांबायला तयार आहेत, उलट खूश झाले की मी खरं सांगितलं.

चौकटराव:
तोवर त्या ऑइलला कपाटात कोंडू नको. जवस तेलातलं ताजं ऑइल अंधारात राहिलं की पिवळटतं, उजेडात ठेवलं की बरंच परत येतं. उन्हात नको, नुसत्या उजेडात.

रेघोट्या: (अपडेट)
तीन आठवडे गायब होते, माफ करा. प्रिंट पोचले!! दहाच्या दहा सपाट, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. बाहेरच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा पार चेपला होता, फोटो आलाय, आत काही नाही. निळीशाई तुला साष्टांग.

जलरंगाची फ्रेम काल पोचली. टेबलावरून पाडून बघितलं होतं आधी, जुनी फ्रेम घालून, तर पहिल्या वेळी तिची काच फुटली. फोम कमी पडला होता तळाला, वाढवला, दुसऱ्यांदा पाडलं, नाही फुटली. मग खरी घातली. आई बाहेर येऊन म्हणाली काय आपटतेस सारखं.

त्यांनी २४ तास वाट पाहिली, नीट उघडली, काच शाबूत, चित्र शाबूत. एकच तक्रार आली. उघडायला पाऊण तास लागला आणि टेपचं टोक शोधता शोधता ताईंचं नख तुटलं 😬

चौकटराव:
टेप संपवताना शेवटचं एक सेंटिमीटर आत दुमडून चिकटवायचं, म्हणजे धरायला शेपूट राहते. आतल्या बबलरॅपच्या टेपला पण. हे सांगायचं राहिलं, माझी चूक.

कापूसकोंड्या:
नखाचा विमा होता का?